थंड इंजिनाशेजारी झोपणारे साहेब

दिवाळी उलटून दिल्लीत पहिलं धुकं पडलं की आमचे साहेब घर सोडत. संन्यास वगैरे नाही. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरातून एक होल्डॉल आणि एक पितळी तांब्या घेऊन ते फरीदाबादच्या कारखान्यात येत आणि होळीपर्यंत ट्रॅक्टरच्या यार्डाला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत राहत. रविवारी घरी जात, जेवण करून संध्याकाळी परत. खोलीत शेगडी नव्हती. खिडकी होती, ती रात्रभर उघडी असे. बाहेर धुक्यात रांगेनं ट्रॅक्टर उभे आणि आत हे, एका रजईत.

मला आधी वाटलं, एवढ्या पहाटे दिल्लीहून बस मिळत नसेल. मी तसं विचारलंही. ते म्हणाले, "बसचं काय, कंपनी जीप पाठवते. पण इंजिन ज्या थंडीत झोपलं त्या थंडीत मी झोपलो नाही, तर सकाळी त्याला काय होतंय हे मला कसं कळणार?"

मी हसलो. ते हसत नव्हते.

साहेब कारखान्याच्या प्रशिक्षण केंद्राचे प्रमुख होते. ट्रॅक्टर विकला गेला की तो चालवणाऱ्यानं आमच्याकडे येऊन चार गोष्टी शिकून जायच्या, असा तेव्हा रिवाज होता. हरियाणा, पंजाब, पश्चिम उत्तर प्रदेश असे कुठून कुठून ड्रायव्हर येत. तेलपाणी, नांगर जोडणं, फिल्टर धुणं हे सगळं आम्ही शिकवत असू. साहेबांनी स्वतःकडे एकच विषय ठेवला होता: थंडीत डिझेलचं इंजिन नीट सुरू करणं. एवढ्याशा गोष्टीवर एक माणूस आख्खं आयुष्य काढू शकतो, हे मी त्यांना पाहण्यापूर्वी कुणी सांगितलं असतं तर खरं मानलं नसतं.

मी मेहकरचा. मराठी शाळेत शिकलो, अमरावतीला इंजिनिअर झालो. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढं गेलेला मी पहिलाच. वडील जिनिंगमध्ये हमाल होते, कापसाच्या गाठी उचलायचे. फरीदाबादची नोकरी लागली तेव्हा मला इंग्रजी वाचता यायचं, बोलता यायचं नाही, आणि हिंदी बोलायला गेलो की समोरचा माणूस आधी हसून घ्यायचा. पहिल्या दिवशी साहेबांपुढं उभा राहिलो तेव्हा थर्मोडायनॅमिक्सची सगळी समीकरणं घोकून गेलो होतो. त्यांनी एकदा माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि स्वच्छ मराठीत विचारलं, "पाढे येतात?"

मी म्हटलं, तीसपर्यंत येतात.

"एकोणतिसाचा म्हण."

मी धडाधडा म्हणून दाखवला. शाळेत पाढ्यांत मला कुणी हरवलेलं नव्हतं. साहेबांनी मान हलवली आणि म्हणाले, "पाठ आहे तुझा. त्यामुळं तुझ्या काही उपयोगाचा नाही."

त्याचा अर्थ दुसऱ्या दिवशी पहाटे यार्डात कळला. थंडीत डिझेलचं इंजिन चावी फिरवली की लगेच उठत नाही. चावी आधी हीटरच्या खुणेवर थांबवून ठेवायची असते. आत एक तार तापते, इंजिनात जाणारी हवा कोमट होते, आणि मगच चावी पुढं न्यायची. सगळी गंमत त्या थांबण्यात आहे. माणसाला थांबवत नाही. घड्याळ पाहा म्हटलं तर तो घड्याळाकडे पाहतो, इंजिनाकडे नाही. म्हणून साहेबांनी एकोणतिसाचा पाढा लावून दिला होता, तोही मराठीतून, कारण हिंदीतले पाढे ड्रायव्हरांना येत असत आणि येणाऱ्या गोष्टीची माणूस घाई करतो. पानिपतकडचा एखादा धिप्पाड गडी सीटवर बसून, क्लच तळापर्यंत दाबून, तोंडातून वाफ सोडत अडखळत म्हणायचा, "एकोणतीस चोक सोळोदरसे." म्हणजे एकशे सोळा, हे त्याला कळत नसे. पाढा संपेपर्यंत तार बरोबर तापलेली असे.

माझा पाढा मात्र तार तापायच्या आत संपायचा आणि इंजिन नुसतं घरघरून गप्प व्हायचं. मग साहेबांनी मला औटकी दिली. औट म्हणजे साडेतीन. जुन्या शाळांत साडेतीनचा पाढा शिकवायचे, आमच्या पिढीपर्यंत तो आलाच नव्हता. एक औट साडेतीन, दोन औट सात, तीन औट साडेदहा असं प्रत्येक पायरीला मनात बेरीज करत जावं लागे. माझा पहिला ट्रॅक्टर औटकीवर सुरू झाला.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तो एका रविवारी. क्वार्टर काकूंच्या, म्हणजे साहेबांच्या पत्नीच्या, नावावर होतं. त्या एका मंत्रालयात नोकरीला होत्या, साहेबांच्या आधीपासून दिल्लीत. दार उघडल्या उघडल्या त्यांनी मला विचारलं, "ह्यांनी तुला त्या पत्र्याच्या खोलीत तर नाही ना झोपवलं?" मी नाही म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं. म्हणाल्या, "होळीपर्यंत माझा नवरा ट्रॅक्टरकडे असतो. होळीनंतर मला परत मिळतो, बिल्कुल थंड झालेला." साहेब शांतपणे वरणभात कालवत होते. त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी म्हणाली, "बाबा, यार, एक दिवस तरी घरी थांबा ना. लोक काय म्हणत असतील?" साहेब म्हणाले, "लोक रजईत असतात ग त्या वेळी."

त्या दिवशी काकूंनी मला खालच्या बाजारातून एक जाडजूड स्वेटर घेऊन दिला. दुकानदाराशी त्यांनी एवढी घासाघीस केली की मला लाज वाटली. पैसे देऊ लागलो तर म्हणाल्या, "आईला सांग, दिल्लीत एक काकू आहे म्हणून." निघताना साहेबांनी न्हाणीघराच्या फळीवरून खोबरेल तेलाची बाटली उचलून पिशवीत टाकली. काकू म्हणाल्या, "घ्या, हीपण न्या. डोक्याला लावायला काही ठेवू नका."

ती बाटली वर्गात आली. दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाला हिवाळ्यात खोबरेल तेल उन्हात ठेवल्याशिवाय लावता येत नाही, पण हरियाणातल्या ड्रायव्हरांना सरसोंच्या तेलाची सवय, ते गोठत नाही. साहेबांनी बाटलीचं बूच काढलं आणि बाटली टेबलावर उलटी धरली. एक थेंब पडला नाही. सगळे पुढं झुकून पाहू लागले. साहेब म्हणाले, "इंजन का तेल इतना नहीं जमता. लेकिन जात वही है." मग त्यांनी विचारलं, असं तेल तळाशी असताना इंजिन सुरू झाल्याबरोबर तुम्ही रेस देता, तेव्हा वरच्या भागांना तेल कुठून मिळतं? बाटली हातोहात फिरली. एकानं वास घेऊन पाहिला आणि तोंड वाकडं केलं.

पण नुसतं समजून सवय जात नाही. रोहतककडचा एक तरुण ड्रायव्हर होता, मोठा हौशी. इंजिनानं पहिला ठोका दिला की हा दांडी शेवटपर्यंत ओढून रेस द्यायचा, आवाज ऐकून त्याला आनंद व्हायचा. साहेब त्याला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी ते ड्रायव्हरांच्या बराकीत गेले, त्याची रजई ओढली आणि म्हणाले, चल, यार्डाभोवती पळ. तो डोळे चोळत, चहासुद्धा न घेता पळाला. तिसऱ्या वळणावर पोटात कळ येऊन खाली बसला. साहेब शेजारी उकिडवे बसले आणि विचारलं, "कैसा लगा?"

तो धापा टाकत म्हणाला, "साब जी, जान काढ ली."

"बस. वो भी यही कहता है, तू सुनता नहीं."

त्यानंतर त्या पोरानं कधी थंड इंजिनाला रेस दिली नाही, आणि बाकीच्यांना ही गोष्ट तोच सांगत सुटला.

दुसरा एक पलवलकडचा म्हातारा. त्यांच्या गावात थंडीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या पोटाखाली गोवऱ्या पेटवायचे. त्यानं आमच्या यार्डातही तेच केलं. मी धावत गेलो, ओरडलोही असेन. साहेब आले, त्यांनी फावड्यानं विस्तव बाजूला ओढला, मोकळ्या जागी नीट रचला आणि म्हाताऱ्याचा हात धरून त्याला तिथं बसवलं. स्वतःही बसले. म्हणाले, "चौधरी साहब, ये आग आपके लिए है. उसके लिए नहीं." दोघं बराच वेळ हात शेकत बसले. मग साहेबांनी सहज विचारलं, वर डिझेलची नळी एखादे दिवशी गळाली तर? म्हातारा विस्तवाकडे पाहत राहिला. त्यानं सांगितलं, त्याच्या गावात असा एक ट्रॅक्टर जळाला होता. गोठाही जळाला. तरी दुसऱ्या वर्षी सगळ्यांनी पुन्हा गोवऱ्याच पेटवल्या, कारण दुसरं काही कुणी सांगितलंच नव्हतं.

इंजिनात ईथरचा फवारा मारून ते चटकन उठवणाऱ्यांचा साहेबांना खरा राग होता. "घोड़े को दारू पिलाओगे तो दौड़ेगा," ते म्हणत, "पर घोड़ा नहीं रहेगा." रागावले तरी त्यांचा आवाज चढत नसे. उलट जिथं राग असेल तिथं ते आणखी हळू बोलत, त्यामुळं ऐकायला जवळ जावं लागे.

सकाळी यार्डात आल्यावर ते प्रत्येक इंजिनाला हाताची पालथी बाजू लावत. त्यासाठी हिवाळाभर खिशात हात घालत नसत. ऊब घेतलेल्या हाताला सगळंच थंड लागतं, असं त्यांचं म्हणणं. बोटं फुटलेली, नखांभोवती भेगा. काकू त्यांवर रविवारी तूप चोळत.

आता ज्या दोन सकाळींसाठी हे लिहायला बसलो, तिकडे येतो.

मी नोकरीत कायम झालो नव्हतो. कारखान्याच्या दृष्टीनं प्रशिक्षण केंद्र म्हणजे खर्चाचं घर. त्या हिवाळ्यात वरून सांगण्यात आलं की पहाडी भागातल्या एका सहकारी संस्थेची मोठी ऑर्डर येऊ घातली आहे. ती मिळाली तर केंद्र चालू राहील, नाहीतर उन्हाळ्याच्या आत बंद. बंद झालं तर साहेबांना लवकर निवृत्त करतील, आणि आम्हा कायम न झालेल्यांना घरी पाठवतील. मी नोकरीला लागलो त्या महिन्यात वडिलांनी गाठी उचलणं सोडलं होतं. त्यांची पाठ केव्हाच गेली होती, माझ्या नोकरीची वाट पाहत ते ओढत होते. मी परत गेलो असतो तर ते पुन्हा जिनिंगच्या फाटकावर उभे राहिले असते. हे मी साहेबांना एकदा चहा पिताना सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं होतं.

संस्थेची समिती पहाटे यार्डात येऊन थंड ट्रॅक्टर सुरू होताना पाहणार होती. समितीचे अध्यक्ष कानांवर मफलर बांधलेले, बारीक चणीचे वयस्कर गृहस्थ होते. त्यांच्याबरोबर दोघं जण. आमच्याकडून साहेब, मी आणि सेल्सचे मॅनेजर. हे मॅनेजर दिल्लीचेच, गोड बोलणारे, मनानं वाईट नव्हते, पण ऑर्डर गेली तर त्यांच्याही खुर्चीखाली आग होती.

दाखवायचा ट्रॅक्टर रांगेच्या पुढं आणून ठेवलेला होता. बॉनेटवर पाणी चमकत होतं. मॅनेजर अध्यक्षांना सांगत होते की रात्रभर उघड्यावर उभा आहे, पाहा, दव पडलंय. साहेब तिथं गेले, नेहमीसारखा हात पालथा करून इंजिनाला लावला, आणि तो तसाच ठेवून उभे राहिले. मग वाकून त्यांनी दिव्याच्या काचेकडे पाहिलं. काच कोरडी होती. बॉनेटवरचं पाणी ओघळून खाली रेषा झाल्या होत्या. मागच्या रांगेतल्या ट्रॅक्टरांवर, काचांवर, सीटवर, सगळीकडे बारीक मोहरीसारखं दव बसलं होतं. दव असं ओघळत नाही.

नंतर कळलं, मॅनेजरच्या माणसांनी रात्री तो ट्रॅक्टर पेंट शॉपच्या भट्टीशेजारी ठेवला होता आणि पहाटे धुक्यात ढकलत बाहेर आणून वर झारीनं पाणी शिंपडलं होतं.

मला त्या क्षणी काय वाटलं ते खरं सांगतो. मला वाटलं, साहेबांनी आता काही बोलू नये. ट्रॅक्टर एका दमात उठेल, ऑर्डर येईल, सगळं नीट होईल.

साहेब अध्यक्षांकडे वळले आणि म्हणाले, "साहब, ये इंजन गरम है. इससे आपको कुछ पता नहीं चलेगा."

मॅनेजर पटकन पुढं आले. "भाईसाहब, आज के दिन तो मज़ाक छोड़िए." साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. अध्यक्षांनी स्वतःचा हातमोजा काढून इंजिनाला हात लावला. मग हळूच विचारलं, "किसने गरम किया?"

मॅनेजरचा चेहरा पांढरा पडला. साहेबांनी नाव घेतलं असतं तर मॅनेजरची नोकरी तिथंच संपली असती, आणि केंद्र बंद करावं या प्रस्तावावर मॅनेजरचीही सही होती हे साहेबांना माहीत होतं.

"हमने," साहेब म्हणाले. "हमारे कारख़ाने ने."

धुकं एवढं होतं की मागच्या रांगेचा शेवट दिसत नव्हता. अध्यक्षांनी मोजा परत चढवला आणि म्हणाले, तर मग बाहेर उभ्या असलेल्यांपैकी एखादा सुरू करून दाखवा. मी पुढं पाऊल टाकलं होतं. साहेबांनी हातानं मला थांबवलं.

"नहीं साहब. आज हम जो भी चालू करेंगे, आपके मन में शक रहेगा. रहना चाहिए. कल सुबह आइए. ट्रॅक्टर आप चुनिए और चालू भी आप कीजिए."

"मैंने ज़िंदगी में ट्रॅक्टर नहीं चलाया," अध्यक्ष म्हणाले.

"तभी तो."

समिती निघून गेली. मॅनेजर ऑफिसकडे गेले. मी साहेबांच्या मागोमाग त्यांच्या पत्र्याच्या खोलीत गेलो. आयुष्यात मी वडीलधाऱ्या माणसाला उलटून बोललो नव्हतो, पण त्या दिवशी बोललो. मी म्हटलं, "साहेब, उद्या त्या अध्यक्षांना जमलं नाही तर मी घरी कुठल्या तोंडानं जाऊ? माझे वडील पुन्हा गाठी उचलतील."

साहेब खाटेच्या कडेवर बसले. फुटलेल्या बोटांकडे पाहत राहिले. मला वाटलं काही समजूत घालतील, ऑर्डर येईल म्हणतील.

"उचलतील," ते म्हणाले. "मी हा विचार केला नाही असं समजू नकोस." मग माझ्याकडे पाहून विचारलं, "हे ट्रॅक्टर बर्फाच्या प्रदेशात जाणार आहेत. तिथं कुणाचे तरी वडील एकटे सीटवर बसतील, मदतीला कुणी नाही. भट्टीशेजारी ठेवलेल्या ट्रॅक्टरच्या भरवशावर तू तुझ्या वडिलांना तिथं पाठवलं असतंस का?"

तांब्यातलं पाणी त्यांनी मला दिलं. बर्फासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी धुकं आणखी दाट होतं. अध्यक्ष एकटेच आले. मॅनेजर कोटाच्या खिशात हात घालून एका बाजूला उभे होते. अध्यक्षांनी रांगेत बरंच आत जाऊन, भिंतीलगतचा, सगळ्यात ओला दिसणारा ट्रॅक्टर निवडला. इंजिनाला हात लावला, स्वतःच मान हलवली. वर चढताना त्यांचा पाय घसरला. मी धरायला गेलो, साहेब म्हणाले, "चढू दे."

साहेब खाली जमिनीवर उभे राहिले आणि एकेक गोष्ट हळू आवाजात सांगत गेले. गिअर न्यूट्रल. क्लच पूर्ण खाली, म्हणजे गिअरबॉक्समधलं घट्ट तेल ढवळण्याची मेहनत बॅटरीला पडणार नाही. रेसची दांडी अर्ध्यावर. आता चावी. हे सांगून व्हायच्या आत अध्यक्षांनी चावी थेट शेवटपर्यंत फिरवली. स्टार्टर कण्हला, इंजिनानं दोन जड वळणं घेतली आणि थांबलं.

मॅनेजर पुढं आले. खिशातला हात बाहेर आला तेव्हा त्यात ईथरचा डबा होता. साहेबांनी तो हलकेच काढून घेतला आणि माझ्या हातात दिला. "हे धर. आणि लांब उभा राहा."

मग त्यांनी अध्यक्षांना खाली उतरायला सांगितलं. बॅटरीला दम घेऊ द्या, म्हणाले, आपणही घेऊ. दोघं ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारून आले, जणू बागेत फिरायला निघालेत. अध्यक्षांनी विचारलं, यापेक्षा जास्त थंडी आमच्याकडे असते, तिथं काय करायचं? साहेब म्हणाले, हेच, फक्त आणखी सावकाश. बॅटरी रात्री घरात न्या, लहान मूल नेता तशी.

पुन्हा वर चढल्यावर साहेबांनी विचारलं, "पहाड़ा आता है?"

अध्यक्ष म्हणाले, लहानपणीच विसरलो.

"तो कुछ भी, जो धीरे-धीरे याद करना पड़े."

अध्यक्षांनी चावी हीटरवर धरली आणि थोडं थांबून, आपल्या घरापासून मोठ्या सडकेपर्यंत वाटेत लागणाऱ्या वाड्या-वस्त्यांची नावं घ्यायला सुरुवात केली. मोटारीचा रस्ता नव्हता तेव्हा ते ती वाट पायी चालत शाळेला जात असत. एकेक नाव आठवून, मध्येच थांबून, एका ओढ्यापाशी चुकून मागं येऊन. मॅनेजरही ऐकत होते. मी ईथरचा डबा छातीशी धरून उभा होतो आणि मनात एकेक वस्ती मोजत होतो.

सडक आली. त्यांनी चावी पुढं नेली.

इंजिन वळलं, एकदा खोकलं. पांढऱ्या धुराचा एक लोट धुक्यात मिसळला. एक सिलिंडर पेटला, विझला, पुन्हा पेटला. मग दुसरा. लंगड्या बैलासारखं ते काही अंतर चाललं, आणि मग त्याचे चारही पाय जमिनीला लागले. धूर विरळ होत गेला.

ऑर्डर आली की नाही हे त्या दिवशी कळलं नाही. फाल्गुनात कळलं. केंद्र राहिलं, मी कायम झालो, आणि माझ्या वडिलांनी पुन्हा कधी गाठ उचलली नाही. मॅनेजर पुढं प्रत्येक नव्या तुकडीच्या पहिल्या सकाळी यार्डात येऊन उभे राहू लागले. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, साहेबांनीही विचारलं नाही.

पण त्या सकाळी आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. इंजिन सुरू झालं होतं एवढंच. पहिल्यांदा ट्रॅक्टर सुरू करणारा माणूस यापुढं काय करतो, हे मी शेकडो वेळा पाहिलं होतं. त्याचा हात आपोआप रेसच्या दांडीकडे जातो. मी तोंड उघडणार होतो. साहेबांनी माझ्या दंडावर हात ठेवला.

अध्यक्षांनी उलट दांडी हळूच मागं घेऊन रेस उतरवली. इंजिन शांत आवाजात चालू राहिलं. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले, तेलाचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे पाहिलं आणि बसून राहिले. कुणी सांगितलं नव्हतं. मफलर कानांवरून सुटून खांद्यावर आला होता, त्यांना भान नव्हतं.

साहेब एवढंच पाहून वळले.

"चल," मला म्हणाले, "चहा घेऊ."

मी म्हटलं, "साहेब, ते अजून बसलेत. थांबायला नको?"

"नको," ते म्हणाले आणि चालू लागले. "आता आपण तिथं असलो तर त्यांना आपल्याकडे बघावं लागेल."